दहा गुणांची समाजसेवा : एनएसएसची गोष्ट आणि आमचा गळका बंधारा

(ऐकायला वेळ नसलेल्या मंडळींसाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)

 

आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. तुमच्यापैकी किती जणांनी कॉलेजात एनएसएस घेतलं होतं? आणि खरं सांगा, किती जणांनी त्या दहा गुणांसाठी घेतलं होतं?

मी माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. मी दहा गुणांसाठीच घेतलं होतं. अकाउंट्सचा पेपर अवघड गेला तर ते गुण हाताशी असावेत, एवढाच हिशोब होता. फॉर्मवर 'आपणास या योजनेत का सहभागी व्हायचे आहे?' असा रकाना होता. तिथे मी 'समाजसेवेची आवड' असं लिहिलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाने माझं बघून तेच लिहिलं.

पण आजचा भाग फक्त माझ्याबद्दल नाही. सेवा ही शिकवण्याची गोष्ट आहे का, आणि ती सक्तीची करता येते का, यावर आपल्या देशात वीस वर्षं खल झाला. त्या चर्चेत एक मराठी माणूस अगदी मध्यभागी होता. तो इतिहास आधी बघू आणि मग आमच्या गळक्या बंधाऱ्याकडे येऊ. या दोन्हींचा संबंध आहे, थोडं थांबा.

आधी कोण काय करत होतं?

विद्यार्थ्यांनी गावात जाऊन काम करावं ही कल्पना सरकारच्या आधीची आहे. गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका लिहिली, तिच्यात खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यता निवारण यांच्या जोडीला विद्यार्थी हाही एक मुद्दा होता. 4 जून 1941 रोजी आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. शाखा, गाणी, कलापथक, श्रमदान, हे सगळं त्या पिढीने अनुभवलं.

तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 पासून रयत शिक्षण संस्थेत वेगळाच धडा घालून दिला होता. वसतिगृहातली मुलं स्वतः राबायची, शेतात काम करायची आणि शिकायची. 'कमवा आणि शिका' हे शब्द आपण आज सहज वापरतो, त्यामागे ती मुलं आहेत. आणि गाडगेबाबांबद्दल तर काय सांगायचं! ज्या गावात कीर्तन, ते गाव आधी स्वतः झाडून काढायचं. तेव्हा हातात झाडू घेणं ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हती. नवी गोष्ट होती ती विद्यापीठाने ते काम वेळापत्रकात बसवण्याची.

सक्ती की मर्जी?

स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला, 1948-49 साली. विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी, पण ऐच्छिक, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या चर्चेतही विद्यार्थ्यांनी वर्षभर श्रमसेवा करावी ही कल्पना आली. 1958 मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारलं, की पदवी मिळण्याआधी समाजसेवा ही अटच घातली तर?

म्हणजे बघा, 'ऐच्छिक' पासून आपण 'अट' पर्यंत दहा वर्षांत पोचलो.

मग 1959 च्या ऑगस्टमध्ये एक समिती नेमली गेली. अध्यक्ष, डॉ. चिंतामणराव देशमुख. आता आपला मराठी माणूस आला!

सी. डी. देशमुख हे नाव स्पर्धा परीक्षावाल्यांना 'रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर' एवढ्याच एका ओळीत माहीत असतं. पण माणूस त्याहून मोठा होता. रायगड जिल्ह्यात महाडजवळचं नाते हे त्यांचं जन्मगाव, जन्म 1896 चा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, मग आयसीएस, 1943 ते 1949 रिझर्व्ह बँक, 1950 पासून केंद्रात अर्थमंत्री. आणि 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, अध्यक्ष झाले. असा हा माणूस. त्याच्यापुढे प्रश्न ठेवला, की देशातल्या तरुण पोरांकडून सेवा कशी करून घ्यायची?

देशमुख समितीचं उत्तर स्पष्ट होतं. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची. त्यात थोडं लष्करी प्रशिक्षण, समाजसेवा, अंगमेहनतीचं काम आणि सामान्य शिक्षण.

क्षणभर कल्पना करा. बारावीचा निकाल लागलाय, आणि कॉलेजच्या ॲडमिशनआधी तुम्हाला एक वर्ष गावात, छावणीत राहायचंय. डॉक्टरच्या मुलानेही आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या मुलानेही. एकाच पंगतीत जेवायचं, एकच टिकाव दोघांनी आळीपाळीने मारायचा. या विचारात दम आहे. मर्जीवर सोडलं की ज्यांना वेळ आणि सवड आहे तेच येतात, किंवा ज्यांना गुण हवेत ते येतात. म्हणजे माझ्यासारखे. सक्तीत निदान सगळे येतात.

पण हे झालं नाही. दरवर्षी लाखो पोरांना कुठे ठेवायचं, खाऊपिऊ कोण घालणार, शिकवणार कोण, पैसा कुठून आणायचा? एका माजी अर्थमंत्र्याचीच योजना पैशापायी आणि अंमलबजावणीच्या अडचणींपायी बाजूला पडली.

दरम्यान 1960 मध्ये शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयिदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास करून सरकारला अहवाल दिला. मग आलं 1962 चं चीन युद्ध. त्यानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. पोरं मैदानावर, पण मन मैदानावर असेलच असं नाही. पाच-एक वर्षांत ती सक्तीही उठली. सक्तीचं काय होतं, हे देशाने असं प्रत्यक्षच करून पाहिलं.

याच काळात कोठारी आयोग (1964-66) म्हणाला, की शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या समाजसेवेशी जोडलेला असावा. 1967 च्या एप्रिलमध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली आणि तिथे मधला मार्ग निघाला. ज्याला एनसीसी हवी त्याने ती घ्यावी, ज्याला नको त्याच्यासाठी नवी योजना. तिचं नाव राष्ट्रीय सेवा योजना.

24 सप्टेंबर 1969

गांधीजींच्या जन्मशताब्दीला आठ दिवस उरलेले. केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत मिळून 40 हजार विद्यार्थ्यांसह योजना सुरू केली. चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिच्यासाठी पाच कोटी रुपयांची तरतूद होती.

यात एक गंमत आहे. राव हेही अर्थतज्ज्ञ, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संस्थापक. म्हणजे सेवेच्या या योजनेमागे सुरुवातीला एक अर्थतज्ज्ञ आणि शेवटीही एक अर्थतज्ज्ञ! आणि चिंतामणराव तेव्हा कुठे होते? नुकतीच, ऑगस्टमध्ये, राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून हरले होते. व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले आणि बरोबर एका महिन्याने एनएसएस सुरू झालं. सक्तीविना.

योजनेचा साचा साधा आहे. दोन वर्षांत 240 तास काम, म्हणजे वर्षाला 120. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. ब्रीदवाक्य 'नॉट मी, बट यू', म्हणजे 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी'. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. स्वयंसेवकाने चोवीस तास तयार असावं, असा त्याचा अर्थ सांगतात.

योजना सुरू होते न होते तोच महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पडला. आजी-आजोबांना विचारा, मिलो आणि सुकडी हे शब्द काढले तरी ते गप्प होतात. खडी फोडायला अख्खं घर जायचं. त्या काळात एनएसएसच्या शिबिरांना देशभर एकच विषय दिला गेला, 'दुष्काळाविरुद्ध युवक'. नंतर 'घाण आणि रोगराईविरुद्ध युवक', मग वृक्षलागवड, मग ग्रामीण पुनर्रचना.

आणि आपण शिबिराला 'श्रमसंस्कार शिबिर' म्हणतो ना? बाबा आमट्यांनी 1967 मध्येच चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली होती. तिथे गुण नव्हते, प्रमाणपत्राची ओढ नव्हती. मे महिन्याच्या उन्हात, तेही चंद्रपूरच्या उन्हात, पोरं आपल्या पायांनी यायची.

आता आमचा बंधारा

इतिहास झाला. आता मी.

दुसऱ्या वर्षाला असताना आमचं हिवाळी शिबिर एका दत्तक गावात होतं. गावाचं नाव घेत नाही, कॉलेजचंही नाही. पन्नासेक पोरं-पोरी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम. पहाटे साडेपाचला शिट्टी, प्रभातफेरी, पोहे, मग श्रमदान. दुपारी बौद्धिक सत्र, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. ज्यांनी केलंय त्यांना थंडगार पाण्याची ती अंघोळ आठवली असेल.

मला सरांनी गटप्रमुख केलं. कारण काय? मी मोठ्याने बोलायचो. पुढारीपणाची आमची व्याख्या एवढीच होती.

काम होतं वनराई बंधाऱ्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, त्यात माती-वाळू भरायची, तोंड सुतळीने शिवायचं आणि ओढ्यात आडव्या थरावर थर रचायच्या, विटांसारख्या सांधेमोड करून. मधल्या फटींत चिखल. पावसाळा संपल्यावर ओढ्यात जे पाणी वाहून जातं ते अडवायचं, म्हणजे आसपासच्या विहिरींना थोडा आधार मिळतो. खर्च जवळपास शून्य, मेहनत भरपूर.

जागा कुठली? मी पुलाजवळची ठरवली. रस्त्यावरून दिसते, पाहुण्यांना यायला सोपी, फोटो चांगला येईल. हो, फोटो. खोटं कशाला बोलू?

पहिल्याच दिवशी एक म्हातारे शेतकरी काठावर येऊन बसले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. थोडा वेळ बघून म्हणाले, "पोरांनो, हितं नगा घालू. तळाला समदी वाळू हाय. वरल्या अंगाला जावा, तिथं ओढा अरुंद हाय, खाली मुरूम हाय."

मी म्हटलं, "तात्या, सरांनी जागा बघून ठेवलीय." सरांनी बघितली नव्हती. मीच सरांना ही जागा सांगितली होती.

तात्या पुढे काही बोलले नाहीत. ते रोज येऊन बसायचे, बिडी ओढायचे आणि जायचे. आमच्यातली एक मुलगी त्यांच्याजवळ बसून गप्पा मारायची. तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, "अरे, ते म्हणतायत ते बरोबर वाटतंय, एकदा वर जाऊन बघून तर येऊ." मी म्हणालो, "आता दोनशे गोण्या लागल्यात, मागे कसं जायचं?" ती गप्प बसली. खरं तर त्या गटाची प्रमुख तीच व्हायला हवी होती.

सहाव्या दिवशी पाहुणे आले, नारळ फुटला. बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साठलेलं. भाषणात 'उद्याचे नेतृत्व' हे शब्द किमान चार वेळा आले. सगळ्यांनी एनएसएसची टाळी वाजवली. मी मधोमध उभा.

सातव्या दिवशी सकाळी आम्ही सामान बांधत होतो. एकजण ओढ्यावर जाऊन आला आणि म्हणाला, "पाणी गेलं." आम्ही धावत गेलो. बंधारा जसाच्या तसा उभा होता. एक गोणी हलली नव्हती. पण खालून, वाळूतून, पाणी निघून गेलं होतं. मागे ओलसर गाळ आणि दोन-चार छोटे मासे तडफडत होते.

तात्या तिथेच होते. मला वाटलं, आता ऐकवतील. ते उठले, दोन मासे उचलून खालच्या डबक्यात सोडले आणि विचारलं, "फुडल्या साली येणार का तुमी?"

मी उत्तर दिलं नाही. ट्रक आला होता.

माझे 120 तास पूर्ण भरले. वहीत 'बंधारा बांधकाम, लोकसहभागातून' अशी नोंद आहे. दहा गुणही मिळाले. लोकसहभाग कुठला? गावचा एकच माणूस सहभागी व्हायला आला होता, आणि त्याचं मी ऐकलं नव्हतं.

पुढच्या साली

तिसऱ्या वर्षाला मला परत शिबिराला जायची गरज नव्हती. तास झाले होते. पण त्या मुलीने सरांना गाठलं आणि म्हणाली, शिबिर त्याच गावात घेऊ, आणि पहिले दोन दिवस कुठलंही बांधकाम नको. सर आधी तयार नव्हते. दोन दिवस पोरं रिकामी दिसली तर अहवालात काय लिहायचं? शेवटी तिने त्याला 'शिवारफेरी व सर्वेक्षण' असं नाव दिलं, आणि अहवालाचा प्रश्न सुटला.

ते दोन दिवस आम्ही गावभर फिरलो. कळलं ते असं, की विहिरींपेक्षा वरच्या वस्तीवरच्या बायांना गुरांच्या पाण्याची चिंता जास्त होती. फेब्रुवारीनंतर त्यांना गुरं दोन किलोमीटर खाली आणावी लागायची. हे आम्हाला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

बंधारा तात्यांनी सांगितलेल्या जागी घातला. आधी तळाची वाळू काढली, मुरूम लागेपर्यंत. गोण्या अर्ध्याच लागल्या. रस्त्यावरून तो दिसत नाही, त्यामुळे पाहुण्यांना चिखलातून चालत यावं लागलं. मी गटप्रमुख नव्हतो. मी गोण्या शिवत होतो.

त्या बंधाऱ्याने गाव पाणीदार झालं, वगैरे काही झालं नाही. पाणी मार्चच्या सुरुवातीपर्यंत टिकलं, एवढंच. पण पुढच्या वर्षी आमचं शिबिर दुसऱ्या गावात गेलं, तरी वरच्या वस्तीवरच्या लोकांनी दिवाळीनंतर स्वतः गोण्या भरून तो पुन्हा घातला. हे मला त्या मुलीने फोन करून सांगितलं. तिचा गावाशी संपर्क होता. माझा नव्हता.

मग देशमुख बरोबर होते का?

हा भाग तयार करताना मी याच प्रश्नावर अडकलो. मी सक्तीने गेलो नव्हतो, पण मनानेही गेलो नव्हतो. गुणांच्या लोभाने गेलो होतो. म्हणजे सक्ती आणि मर्जी यांच्या मधली एक तिसरी वाट आपण काढली, आमिषाची. तिच्यात दोन्हीकडचे तोटे येतात, हे मी अनुभवाने सांगतो. तास भरले की काम झालं असं वाटतं.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ते दहा गुण नसते तर मी त्या गावात गेलोच नसतो. तात्या भेटले नसते, बंधारा गळला नसता आणि तिसऱ्या वर्षी मी परत गेलो नसतो. लोभाने का होईना, दारापर्यंत पोचलो.

हे आज सांगायचं कारण म्हणजे प्रश्न पुन्हा समोर आलाय. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी नवा आराखडा आणला, त्यात एनएसएससारख्या उपक्रमांना आणि लोकांमध्ये जाऊन करायच्या प्रकल्पांना क्रेडिट आहेत. म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण आता समाजसेवा 'विषय' म्हणून करणार आहात. काहीजण त्याची फाईल नेटवरून उतरवून काढतील, तेही मला माहीत आहे.

तुम्ही क्रेडिटसाठी गेलात तरी मी नावं ठेवणार नाही, मला तो हक्कच नाही. फक्त वहीत तासांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखा. एकात लिहा, 'आज गावातल्या कुणाला काय विचारलं?' आणि दुसऱ्यात, 'त्यांचं ऐकून आपण काय बदललं?' माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत हे दोन्ही रकाने कोरे राहिले असते.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या शिबिराची गोष्ट असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. फसलेल्या कामाची असेल तर आधी तीच पाठवा. 24 सप्टेंबरला एनएसएस दिन असतो, त्या आठवड्यात तुमच्या गोष्टींचा एक वेगळा भाग करू.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि काठावर कुणी तात्या बसलेले दिसले तर दोन मिनिटं टिकाव खाली ठेवा.